आईचा ठोका

समुद्रगायीचं पोट उघडताना सुरी खालून वर न्यायची असते. वरून खाली ओढली की आतडं फुटतं, आणि मग दिवसभर कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. हे थोरलीला आईनं शिकवलं होतं आणि तिचा हात आजवर कधी चुकला नव्हता. त्या सकाळी मात्र तो घसरला. भपकन वास वर आला. शेजारी वाळूत गुडघे टेकून बसलेली जनावरांची डॉक्टरीण नाकाला बाही लावत म्हणाली, "ताई, द्या इकडे. मी करते."

"तुम्ही बघा, सांगा, हवं ते विचारा," थोरली म्हणाली. "सुरी घरच्यांच्याच हातात राहील."

तसा नेमच होता. खाडीकाठच्या मूळच्या लोकांत प्रत्येक घराची एक समुद्रगाय असते. बंदर, बर्फाचा कारखाना, मासळीची शेड हे सगळं उगवायच्या आधीपासून ही माणसं तिथं राहतात, आणि त्यांच्याही आधीपासून ती अवाढव्य गरीब जनावरं उथळ पाण्यातलं गवत चरत आली आहेत. घरातली बाई गेली की ती गवतात गेली म्हणायचं, आणि पुढे जे नवं पिल्लू दिसेल त्याला तिच्या नात्यानं हाक मारायची. हे खरं का खोटं यावर बाहेरची मंडळी तावातावानं बोलत. घरचे नुसते ऐकून घेत. आत्ता पाठीवरचं मांस कापून नेलेली जी वाळूवर पडली होती, ती कडेच्या घरातली सासूबाई होती. तिच्या दोन्ही सुना मागे उभ्या राहून हुंदके देत होत्या, आणि खऱ्या सासूच्या वेळी आपण एवढ्या रडलो नव्हतो हे त्यातल्या एकीनं नंतर स्वतःच कबूल केलं.

वारं फिरल्यापासून मारली गेलेली ही तिसरी. आता खाडीत पिल्लं घालणारी एकच मादी उरली होती, थोरलीच्या घरची मावशी, आणि तिच्या पाठीवर या वर्षीचं पिल्लू होतं. मावशी गेली तर उरलेल्या म्हाताऱ्या-कोवळ्या जनावरांनंतर, त्यांची मोजदाद आणि राखण करणाऱ्या राखणदारांना राखायला काही उरणार नव्हतं. थोरली राखणदारांची म्होरकी. तिची झोप केव्हाच उडाली होती.

थोरलीचे काका जनावरावर वाकले. तरुणपणी त्यांनी भाला फेकला होता. तेव्हा वडीलधारे सांगतील तेव्हाच, सांगतील तेच जनावर मारायची रीत होती आणि भाला फेकणाऱ्याला मान होता. आता हातात काठी आणि तोंडात शिव्या एवढंच उरलं होतं. त्यांनी मानेमागच्या जखमेत मूठ घातली, मनगटापर्यंत गेली, आणि त्यांनी रक्ताळलेला हात बाहेर काढला.

"सरळ खाली गेलाय," ते म्हणाले. "पळत्या जनावराला भाला तिरका बसतो. मागून, नाहीतर कुशीत. ही पळाली नाही. मारणाऱ्याच्या होडीला लागून उभी होती."

डॉक्टरिणीनं जनावराचा जबडा उचकटला होता. आतून तिनं हिरव्यागार गवताचा ओला बोळा बाहेर काढला. "हिच्या तोंडात घास आहे. घाबरली असती तर टाकला असता. चरता चरता, आपल्या पायांनी आली म्हणायचं."

"पायांनी कसली," एक सून रडता रडता म्हणाली, आणि दुसरीनं तिला चिमटा काढला.

थोरलीनं सुरी वाळूत पुसली. तिला कळलं होतं. बोलले ते काकाच. "तुझ्या आईचा ठोका," ते म्हणाले. "ठोका देऊन बोलावली आणि मारली."

ठोका ही आईची करामत. राखण सुरू झाली तेव्हा इतर किनाऱ्यांवर लोक इंजिन लावून जनावरांच्या मागे धावत आणि पळत्या पाठी मोजत. आईला ते पटलं नाही. कुणाच्या घरी जायचं तर आधी दार वाजवावं, ती म्हणाली. ती इंजिन बंद करायची आणि वल्ह्याच्या मुठीनं होडीच्या तळावर ठोकायची. दोन जलद, मग दम धरून थांबायचं, मग एक. सुरुवातीला कुणी आलं नाही आणि गावानं पोटभर हसून घेतलं. मग एक तरणी मादी कुतूहलानं आली, तिचं बघून बाकीच्या. पुढे पुढे तर ठोका ऐकला की तोंडातला घास तसाच ठेवून सगळ्या वर यायच्या, होडीला नाक घासायच्या, पाठीवरचे वण निवांत बघू द्यायच्या. लांबलांबून माणसं हे बघायला आली. आईचं कौतुक झालं. एकट्या काकांनी तोंड वाकडं केलं. "जनावराला माणसाचा भरवसा शिकवतेस, वहिनी. सगळी माणसं काय तुझ्यासारखी आहेत?" त्यावरून दीर-भावजय जे अबोला धरून बसले ते आई गवतात जाईपर्यंत.

ठोका सगळ्या राखणदारांना येत होता, पण ज्याचा त्याचा हात वेगळा. आई मधला दम फार लांब धरायची, ऐकणाऱ्याचा जीव कासावीस होईपर्यंत. थोरलीला तो कधीच जमला नाही. जमला तो धाकट्याला, तिच्या भावाला. तो आईच्या मांडीवर बसूनच शिकला होता.

संध्याकाळी थोरली धाकट्याच्या गॅरेजात गेली. बर्फाच्या कारखान्यामागे पत्र्याची शेड, भिंतीवर पाने टांगलेले, जमिनीवर ऑइलचे डाग, मधोमध कुणाचं तरी इंजिन उघडं पडलेलं. राखणदारांच्या होड्यांची इंजिनं तोच बघायचा. लाघवी माणूस. रडणाऱ्याला हसवील, भांडणाऱ्यांना एका बाकावर बसवील. बहिणीचा चेहरा बघून त्यानं पाना खाली ठेवला.

"ये. तोंड असं का झालंय? काकांनी पुन्हा भाषण दिलं वाटतं."

"आपल्यातलाच कुणीतरी आहे," थोरली म्हणाली. "ठोका देऊन मारतोय."

धाकटा फडक्यानं एकेक बोट पुसत राहिला. "असा कोण असेल?"

"सापडला ना, तर हातपाय मोडून ठेवीन."

"तुझा काही भरवसा नाही," तो हसला. "मला लहानपणी पाटानं मारलं होतंस. उद्या कुठल्या बाजूला आहेस?"

"दीपगृहाच्या. उद्या मावशी तिकडे जाईल असं वाटतंय."

तिनं सांगून टाकलं. सख्ख्या भावाला सांगायचं नाही तर कुणाला सांगायचं?

पहाटे निघाली तेव्हा धुकं एवढं दाट होतं की स्वतःच्या होडीचं टोक दिसेना. दीपगृहाच्या बाजूला खडक आहेत. इतक्या धुक्यात तिकडे जाणं म्हणजे जिवाशी खेळ. तिनं बेत बदलला आणि इंजिन न लावता, वल्ही मारत जवळच्या गवताळ पट्ट्याकडे वळली. पाणी तेलासारखं गुळगुळीत होतं. आणि त्या पाण्यावरून तिला ठोका ऐकू आला.

दोन जलद. मग दम. जीव कासावीस होईल इतका लांब दम. मग एक.

थोरलीनं वल्ही थांबवली. क्षणभर, एकच वेडा क्षण, तिला वाटलं आई आली. पुढच्या क्षणी कळलं की हा कुणाचा हात आहे, आपण दीपगृहाकडे असू या भरवशावर तो इथं आलाय, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती वल्ही मारत सुटली. धुकं फाटलं तेव्हा दहा हातांवर त्याची होडी होती. धाकटा टोकाशी उभा होता, दोन्ही हातांनी भाला उभा धरून, आणि त्याच्या पायांखाली पाण्यातून मावशीचं केसाळ, भोळं तोंड वर आलं होतं. पाठीवर पिल्लू. पिल्लाच्याही तोंडात गवताची काडी होती.

"मावशी!" थोरली ओरडली. "जा! जा गं!"

मावशीला तिचा आवाज ओळखीचा होता. ती गेली नाही, उलट वळून थोरलीकडे बघायला लागली. धाकट्यानं वर बघितलं, बहिणीला बघितलं, आणि तरीही भाला खाली मारला. त्याच वेळी थोरलीची होडी त्याच्या होडीवर धाडकन आदळली. भाला मानेऐवजी खांद्यात गेला. मावशी उसळली, शेपटीच्या एका फटक्यानं दोन्ही होड्या भिजल्या, आणि भाल्याची दोरी सुसाट सुटत जाऊन ताणली गेली. होडी फरफटायला लागली.

थोरली उडी मारून त्याच्या होडीत गेली ती वल्हं घेऊनच. पहिला घाव त्याच्या हातावर बसला. कोपराखाली. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला आणि धाकटा गुरासारखा ओरडला. पण तो सोडणाऱ्यातला नव्हता. धडक्या हातानं त्यानं तिचे केस धरले आणि तिचं तोंड होडीच्या काठावर आपटलं. एकदा. पुन्हा. पुढचा दात तुटून तिच्या जिभेवर आला. ती तशीच वळली, तिनं त्याचा मोडका हात धरून पिळला, आणि तो गुडघ्यावर आला. मागे दोरी एकदम सैल पडली. भाल्याचं पातं तळहाताएवढं मांस घेऊन उपटून आलं होतं. पाण्यावर रक्ताचा पट्टा लांबत गेला आणि धुक्यात शिरला. मावशी पिल्लासकट निसटली होती.

"का?" थोरलीच्या तोंडातून शब्दाबरोबर रक्त आलं. "आईच्या हातानं? आईच्या ठोक्यानं?"

"आजोबा मारायचे ते चाललं," धाकटा धापा टाकत म्हणाला. "काका मारायचे, त्यांना मान. मी मारलं की पाप!"

"त्यांनी आलेलं जनावर मारलं नाही. कधीच नाही. पाठलाग करून, स्वतःचा जीव धोक्यात घालून मारलं."

"मांस घेणाऱ्या बर्फवाल्यांना काय फरक पडतो? मांस ते मांस. तू नुसती मोजतेस, ताई. आई नुसती मोजत होती. मोजून पोट भरतं का कुणाचं?"

तिनं वल्हं त्याच्या तोंडावर मारलं. तो आडवा झाला. तिनं पुन्हा मारलं, खांद्यावर, बरगड्यांवर, जिथं बसेल तिथं, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी तिला बरं वाटत होतं. शेवटी त्यानं लहानपणी करायचा तसा धडका हात डोक्यावर घेऊन अंग चोरलं. तेव्हा तिचं वल्हं वरच राहिलं.

"मार," तो हाताआडून म्हणाला. "मारून टाक. तरी काही होणार नाही. मी एकटा नाहीये. कारखान्यातल्या तिघांना शिकवलाय मी. दोन जलद, दम, मग एक. त्यांना आता माझी गरज नाही."

वल्हं थोरलीच्या हातून गळून पडलं. एका माणसाचा हात मोडता येतो. माणसांच्या कानात गेलेला ठोका परत कसा काढायचा?

धाकट्याला बंदरावरच्या चौकीत दिलं. तिथं त्याच्या हाताला प्लास्टर घातलं गेलं, जबाब झाला, आणि ते तिघं कारखान्यातून आधीच पसार झाल्याचं कळलं. त्यांच्याकडे होडी होती, भाले होते, आणि ठोका होता.

मासळीच्या शेडवरच्या खोलीत राखणदार जमले. भिंतीवर फळ्या टांगलेल्या, प्रत्येकीवर एका जनावराची पाठ आणि तिचे वण रंगवलेले. तीन फळ्या उलट्या करून ठेवल्या होत्या. जो तो बोलत होता. पहारा वाढवा, कारखान्याला आग लावा, इथपर्यंत मजल गेली. काकांनी कोपऱ्यातून काठी आपटली.

"शिकवलंय ते मोडावं लागेल," काका म्हणाले. "ठोका द्यायचा. आली की मारायचं. जिवानिशी नाही, पण लागेल असं. नाकपुड्यांच्या खाली, ओठावर. तिथं त्यांना सगळ्यात जास्त लागतं. ठोका ऐकून पळायला लागेपर्यंत मारायचं."

कुणीतरी त्यांना शिवी दिली. त्यांनी ती ऐकून घेतली.

थोरलीनं डॉक्टरिणीकडे बघितलं. "शिकतील का?"

"शिकतील," डॉक्टरीण म्हणाली. तिला ते आवडलं नव्हतं आणि तिनं लपवलंही नाही. "दुखलेलं ही जनावरं विसरत नाहीत. पण मग ती तुम्हालाही घाबरतील, ताई. कुठल्याही होडीला. पुन्हा जवळून बघणं नाही, वण ओळखणं नाही. आई उभं करून गेल्या ते सगळं संपेल."

"आणि नाही मारलं तर?"

डॉक्टरिणीनं उलट्या फळ्यांकडे बघितलं. थोरली उठली. "बांबू आणा," ती म्हणाली. "ज्याच्या घरची त्यानं मारायची. दुसऱ्याला सांगायचं नाही."

असा प्रकार त्या खाडीनं कधी बघितला नव्हता. होड्या निघत, इंजिनं बंद होत, ठोका पडे, आणि आपल्याच माणसांना भेटायला आलेल्या जनावरांच्या तोंडावर ओले बांबू बसत. एक दांडगा राखणदार आपल्या घरच्या आत्याला मारता मारता होडीतच ओकला. कडेच्या घरातल्या सुनांच्या वाट्याला धाकटी नणंद आली होती. त्या दोघी गळा काढून रडत होत्या आणि मारत होत्या, "जा गं बाई, जा, नको येऊस." जनावरांना आधी कळेच ना. ती मार खाऊन बाजूला होत आणि पुन्हा नाक पुढे करत, बहुधा काहीतरी चुकून लागलं अशा समजुतीनं. पाणी लाल होई. मग हळूहळू एकेक यायची बंद झाली.

मावशी तेवढी येत राहिली.

खांद्याची जखम उघडी, कडा पांढऱ्या पडलेल्या, तरी थोरलीनं ठोकलं की ती यायची. थोरलीनं तिला ओठावर मारलं. ती आली. थोरलीनं सगळा जोर लावून मारलं, ओठ फाटला, मिशांचे राठ केस बांबूला चिकटून आले. मावशी जरा लांब गेली, श्वास घेतला, आणि फाटलेलं तोंड घेऊन परत होडीला नाक लावून उभी राहिली. भाला मारला गेला तेव्हा हीच बाई ओरडत मध्ये पडली होती हे तिला आठवत असावं.

"अशानं ती मरेल, पण शिकणार नाही," मागे बसलेले काका म्हणाले. "पिल्लाला मार."

थोरलीनं वळून त्यांच्याकडे बघितलं.

"स्वतःला लागलेलं ती माफ करेल, पोरी. पिल्लाला लागलेलं नाही."

पिल्लू मावशीच्या कुशीआडून बघत होतं. थोरलीनं दोनदा ठोकलं, दम धरला, आणि काय आश्चर्य, आयुष्यात पहिल्यांदा तिला आईएवढा लांब दम धरता आला. हात पुढे जायलाच तयार नव्हता. मग शेवटचा ठोका पडला. पिल्लू पुढे आलं. तिनं मारलं.

समुद्रगायीचं पिल्लू पाखरासारखं ओरडतं. ते ओरडलं आणि पाण्यात गोल फिरायला लागलं, आणि थोरलीनं दुसऱ्यांदा बांबू उचलला तेव्हा मावशी मध्ये आली. फटका तिच्या जखमेवर बसला. ती हलली नाही. होडीकडे आपली सगळी पाठ करून, पिल्लाला पोटाशी घेऊन, ती तशीच फटके खात राहिली, आणि थोरली मारत राहिली, कारण आता थांबलं तर आधीचे सगळे फुकट गेले असते. मग मावशीनं एकदा वळून बघितलं. ती खाली गेली.

दुसऱ्या दिवशी थोरलीनं ठोकलं. कुणी आलं नाही. काकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं झटकून टाकला.

पुढच्या धुक्यात ती एकटीच गवताळ पट्ट्याकडे गेली. ठोका द्यायला नव्हे. घरात बसवेना म्हणून. तुटलेल्या दाताच्या जागी जीभ फिरवत ती वल्ही आत घेऊन बसून राहिली. बऱ्याच वेळानं होडीपासून दोन हातांवर पाणी फुगलं आणि मावशी वर आली. होडी तिला दिसली नव्हती. खांद्यावर नवी गुलाबी कातडी धरली होती. मागोमाग पिल्लू आलं, ओठ वाकडा, पण चरून गुबगुबीत झालेलं. थोरलीचा हात आपोआप काठाबाहेर गेला.

तेवढ्यात धुक्यातून ठोका आला. दोन जलद, मधला दम आखूड, घाईचा, मग एक. शिकवून शिकलेला हात. ते तिघंच.

मावशी थबकली. पिल्लू आवाजाच्या दिशेनं वळणार, तोच तिनं पुढच्या परानं त्याला पाण्याखाली दाबलं. मग तिला काठाबाहेर आलेला हात दिसला. ती दचकली, आणि पाण्यावर एक तरंगही न उठवता दोघं नाहीशी झाली.

तिकडे ठोके पडत राहिले. पुन्हा, पुन्हा, आधी दमानं, मग चिडून. शेवटी कुणीतरी शिवी हासडली, इंजिन सुरू झालं आणि आवाज लांब लांब गेला.

"शाबास," थोरली म्हणाली, आणि तोंडावर हात दाबून रडली. रडून झाल्यावर तिनं डोक्याचं फडकं सोडलं, फाडून त्याचे दोन तुकडे केले, आवाज होऊ नये म्हणून वल्ह्यांना गुंडाळले, आणि मावशी गेली त्याच्या उलट दिशेला हळूहळू वल्हवत निघाली.